थर्मोस्टॅट काढू नका, हवा काढा

भिवंडीच्या गोदामांतून माल भरून नाशिकच्या दिशेनं निघालेल्या ट्रकची उन्हाळ्यात दोनदा परीक्षा होते. पहिली माणकोली आणि रांजनोली नाक्याच्या कोंडीत, दुसरी कसारा घाटात. कोंडीत गाडी जागची हलत नाही, त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा लागत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. घाटात गाडी हलते, पण खालच्या गिअरमध्ये, रखडत. इंजिन मात्र पूर्ण ताकद लावत असतं. दोन्हीकडे उष्णता भरपूर आणि वारा तुटपुंजा. मे महिन्याच्या दुपारी कसाऱ्याच्या वळणांवर केबिन पुढे झुकवून उभे असलेले ट्रक आणि हातात पाण्याचा कॅन घेतलेले चालक दिसतात, ते यामुळेच.

घाट इंजिनाकडून किती उष्णता वसूल करतो, याचा हिशोब सोपा आहे. भिवंडी जवळपास समुद्रसपाटीला, इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर. मालासह २५ टन वजनाची गाडी एवढी उंच नेण्यासाठी १४७ मेगाज्यूल काम करावं लागतं. डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी जेमतेम दोन पंचमांश कामाला लावतं, असं धरलं तर निव्वळ उंची गाठण्यासाठी दहा-अकरा लिटर डिझेल जळतं. रस्त्याचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांचं डिझेल वेगळं. या ऊर्जेचा चौथा हिस्सा जरी इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरला, तरी तेवढ्या उष्णतेत साधारण ३०० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. गाडीच्या कूलिंगमध्ये पाणी असतं वीस-पंचवीस लिटर. म्हणजे तेच पाणी पुनःपुन्हा तापून, रेडिएटरमध्ये निवून इंजिनाकडे परतावं लागतं. त्यातही चढाची निम्मी उंची कसारा ते इगतपुरी या शेवटच्या टप्प्यात आहे. याच डोंगरात रेल्वेचा चढ १ : ३७ इतका तीव्र आहे आणि तिथे गाडीला मागून रेटायला बँकर इंजिनं लावतात. ट्रकला असा मदतनीस मिळत नाही.

गाडी घाटात उकळली की भिवंडीत परतल्यावर ती गॅरेजात जाते आणि बऱ्याचदा एकच निदान ऐकू येतं : ‘वॉल काढून टाका.’ वॉल म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, इंजिन आणि रेडिएटर यांच्यातल्या वाटेवरची मुठीएवढी झडप. ती काढली की पाण्याची वाट कायमची मोकळी झाली, आता गाडी तापणार नाही, अशी समजूत. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग इंजिन गरम ठेवणारा भाग हवाच कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद. तो वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच पिढ्यान्पिढ्या टिकला. पण तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत गाडीमालक हप्त्याहप्त्यानं मोजत राहतो.

इंजिन थंड असावं असं वाटणं साहजिक आहे, पण इंजिनाला थंडपणा मानवत नाही. पिस्टन, रिंगा आणि लायनर म्हणजे पिस्टनभोवतीची नळी, यांच्या फटी ते गरम झाल्यावर बरोबर बसतील अशा बेतानं ठेवलेल्या असतात. ऑइलची जाडीही त्या तापमानासाठी ठरवलेली असते. इंजिनातलं पाणी ८५-९० अंशांऐवजी ५५-६० अंशांवर घुटमळत राहिलं तर डिझेल पूर्ण जळत नाही. त्याचा अंश लायनरवरून ओघळत ऑइलमध्ये उतरतो. ज्वलनात तयार होणारी वाफ थंड भिंतींवर निवून पाणी होते, इंधनातल्या गंधकाशी मिळून आम्ल बनते आणि धातू खाऊ लागते. झाकणाखाली पिवळट चिकट गाळ दिसू लागतो. डिझेल जास्त लागतं ते वेगळंच. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही, म्हणून त्याचा दोष काढून टाकलेल्या झडपेला कुणी देत नाही.

इथपर्यंत गाडी थंडच राहते. पण कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर घाटात गाडी अधिकच तापते आणि मिस्त्री बुचकळ्यात पडतो. त्यावर गॅरेजांत एक स्पष्टीकरण प्रचलित आहे : पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगानं पळतं की त्याला निवायला वेळच मिळत नाही. हे खरं नाही. पाणी वेगानं गेलं तर एका फेरीत ते कमी अंशांनी निवतं, पण फेऱ्या वाढतात आणि एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते. खरं कारण बायपासमध्ये, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणाऱ्या वाटेत आहे. बऱ्याच इंजिनांतल्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची तबकडी रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच हालचालीत खालची तबकडी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की बायपास सताड उघडा राहतो. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. त्यातलं बरंचसं रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनात गोल फिरतं. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. कसाऱ्यात खपत नाही.

मोटारींच्या पहिल्या दिवसांत थर्मोस्टॅट नव्हताच. पाणी इंजिनाभोवती खेळवायचं, त्याची वाफ होऊ द्यायची आणि वाटेत जागोजागी नवं पाणी भरायचं, असा कारभार होता. १९०० मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि त्यांच्यामधून वाहणारा वारा पाण्याची उष्णता ओढून घेत असे. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरतं, एवढ्यावर ती चाले.

पाण्याचं तापमान नेमकं राखण्याचे पहिले प्रयोग अल्कोहोलसारखा झटकन उडणारा द्रव भरलेल्या धातूच्या भात्यानं झाले. द्रव तापला की भाता फुगे आणि झडप उघडे. पण कूलिंगची यंत्रणा जसजशी बंद आणि दाबाखालची होत गेली, तसतसा हा भाता निकामी ठरू लागला, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब त्याला फुगूच देत नसे. तोड काढली ती अमेरिकेतल्या सर्जियस व्हर्ने यांनी, १९३६ मध्ये. त्यांनी भात्याच्या जागी मेण वापरलं.

आजही छोट्या टेंपोपासून चाळीस टनी ट्रेलरपर्यंत तेच मेण काम करतं. पितळेच्या एका छोट्या डबीत पॅराफिन जातीचं मेण ठासलेलं असतं. उष्णता आतपर्यंत लवकर पोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळतात. मेणाच्या मधोमध रबरी खोळ आणि खोळीत पोलादाची पॉलिश केलेली काडी. घन मेण वितळताना त्याचं आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतं. त्याला जागा नसते, म्हणून ते खोळ दाबतं आणि खोळ काडीला बाहेर ढकलते. काडीचं टोक चौकटीला अडकवलेलं असल्यामुळे काडीऐवजी डबीच मागे सरकते आणि सोबत झडप उघडते. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप मिटते. वीज नाही, तार नाही. मेणांचं मिश्रण बदललं की उघडण्याचं तापमान बदलतं. हा आकडा झडपेच्या कडेवर किंवा डबीवर कोरलेला असतो : ८२, ८८ असा काहीतरी. त्या अंशाला झडप उघडू लागते आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. मधल्या पट्ट्यात ती अर्धी, पाव, पाऊण अशी सतत हलत राहते.

ही रचना बिघडण्याच्या तऱ्हाही तिच्या घडणीतच आहेत. रबरी खोळ फाटली आणि मेण बाहेर झिरपलं, तर काडीला ढकलणारं काही उरत नाही आणि स्प्रिंग झडप बंदच ठेवते. इंजिन उकळत असतं, पण रेडिएटरचा वरचा होज हाताला जेमतेम कोमट लागतो. उलट, गंजाचा कण किंवा क्षाराचा थर झडपेत अडकला तर ती उघडीच राहते. मग गाडी सुरू करून अर्धा तास झाला तरी तापमानाचा काटा वर सरकत नाही आणि हीटर लावला तर गार वारा येतो. दुसरा बिघाड निरुपद्रवी वाटतो, पण परिणामात तो झडप काढून टाकल्यासारखाच असतो.

क्षार आणि गंज येतात मात्र चालकाच्या हातून. रस्त्यात जे मिळेल ते पाणी ओतायचं, ही सवय त्याच्या मुळाशी आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात आणि हा थर उष्णता अडवतो. मोठ्या डिझेल इंजिनांत त्याहून गंभीर प्रकार घडतो. तिथे लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात असते. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्या थरथरीनं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना लायनरला टोचत राहतात. काही काळानं लायनरला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि पाणी ऑइलमध्ये जातं. कूलंटमधली रसायनं धातूवर संरक्षक थर धरून हे टाळतात. भिवंडीत पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणाऱ्यानं हा लायनर एकदा हातात घेऊन पाहावा. निम्मं एथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, ही गोष्ट इथे कामाची नसेल. ते १०७ अंशांच्या आसपास उकळतं, ही मात्र नक्की कामाची आहे. इगतपुरीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं.

रेडिएटरची कॅप याच कामात भर घालते. तत्त्व प्रेशर कुकरचंच : दाब वाढवा, उत्कलनबिंदू वर जातो. कॅपनं वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून कॅपचं रबर चिरलेलं असेल तर थर्मोस्टॅट नवा घालूनही गाडी पाणी फेकते. आणि म्हणूनच तापलेल्या गाडीची कॅप उघडणं जिवावरचं ठरतं. आतलं पाणी ११० अंशांवर असूनही शांत दिसतं. दाब सुटताक्षणी त्यातला काही भाग स्फोटासारखा वाफ होतो आणि उरलेलं उकळतं पाणी तोंडावर येतं. घाटात घाई करून हात आणि चेहरा भाजून घेणारे चालक याच चुकीचे बळी आहेत. अर्धा तास थांबायचं, वरचा होज दाबून पाहायचा. तो हाताला सोसवला आणि मऊ लागला, तरच कॅपला हात लावायचा.

थर्मोस्टॅट बदलण्याचं काम तसं तासाभराचं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरच्या खालच्या बुचातून, किंवा बूच नसेल तर खालचा होज सोडून, पातळी झडपेखाली येईपर्यंत कूलंट काढून घ्यायचं. ते घमेल्यात धरायचं, गटारात सोडायचं नाही. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास मारक असतं. गॅरेजबाहेरच्या डबक्यातून ते पिणारं कुत्रं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. शिवाय भिवंडीची गटारं शेवटी कामवारी नदीकडे आणि खाडीकडेच जातात.

झडप शोधायची तर रेडिएटरचा वरचा होज इंजिनापर्यंत चाचपत जावा. तो जिथे इंजिनाला भेटतो, तिथल्या दोन-तीन बोल्टांच्या हाउसिंगखाली ती बऱ्याच गाड्यांत सापडते. काही नव्या इंजिनांत ती खालच्या होजच्या बाजूला, पंपाच्या तोंडाशी असते, म्हणून गाडीचं मॅन्युअल पाहणं शहाणपणाचं. हाउसिंग उघडल्यावर जुनी झडप कशी बसली आहे ते आधी नीट पाहायचं, हवं तर मोबाइलवर फोटो काढायचा. मेणाची डबी आणि स्प्रिंग यांची बाजू गरम पाण्याकडे, म्हणजे इंजिनाकडे हवी. उलटी बसली तर मेणाला इंजिनाची उष्णता कळतच नाही आणि ती वेळेवर उघडत नाही.

झडपेच्या तबकडीत एक बारीक भोक असतं. बऱ्याच झडपांच्या भोकात सैल डुलणारी पिन असते. ती पाहून काही जणांना झडप सदोष वाटते. खरं तर हवेसाठी मुद्दाम ठेवलेली ती वाट आहे. झडप बंद असताना इंजिनाकडच्या बाजूला साठलेली हवा या भोकातून पलीकडे निसटते. हवा वर चढते, म्हणून झडप उभी बसत असेल तर हे भोक वरच्या अंगाला, घड्याळात बाराचा आकडा असतो तिथे यायला हवं. ते खाली राहिलं तर पुढे हवा काढताना दुप्पट वेळ जातो.

जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडताना ॲल्युमिनिअमला ओरखडे पडू देऊ नयेत. नवं पॅकिंग किंवा ओ-रिंग घालावी, बोल्ट हातानं लावून मग आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. हाउसिंग पातळ असतं. पाना जोरात ओढला की कान तुटतो आणि काही शे रुपयांचं काम वाढत जातं. नवी झडप बसवण्याआधी तिची चाचणी घेणंही सोपं आहे. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं टांगलेली झडप, शेजारी थर्मामीटर. कोरलेल्या अंशाच्या आसपास ती हलू लागली पाहिजे आणि उकळीला पोचेपर्यंत काही मिलिमीटर उघडली पाहिजे. बाजारात नकली माल मिळतो, त्यामुळे ही दहा मिनिटं वाया जात नाहीत.

खरं कौशल्य यानंतर लागतं. नव्या झडपेसह गाडी बाहेर पडते आणि रांजनोलीपर्यंत जाऊन पुन्हा तापते, तेव्हा दोष झडपेला दिला जातो. ‘कंपनीचा माल असूनही चालत नाही, म्हणजे आपल्या हवेला ही झडप चालतच नाही,’ असं म्हणून ती कायमची काढली जाते. पुष्कळदा दोषी असते ती आत कोंडलेली हवा. झडप काढून टाकण्याची प्रथा इतकी रुजण्यामागे हवा न काढता केलेल्या अशा कामांचा मोठा वाटा असावा.

पाणी काढलं की त्याची जागा हवा घेते आणि नव्यानं पाणी ओतताना ती सगळी बाहेर पडत नाही. ती उंच जागा शोधून तिथे अडकते : सिलिंडर हेडच्या वरच्या भागात, हीटरच्या जाळीत, झडपेखाली. उष्णता वाहून नेण्यात हवा पाण्यापेक्षा वीसपटीहून अधिक दुबळी आहे. हेडमध्ये जिथे बुडबुडा असतो, तिथला धातू अक्षरशः कोरडा तापतो. मग शेजारचं पाणी वाफ होऊन तो बुडबुडा आणखी फुगतो. ॲल्युमिनिअम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनिअमचं हेड असेल तर एका कोपऱ्यातली अशी तापलेली जागा हेडला वाक आणते आणि हेड गॅस्केट जातं. मेणाची डबी हवेच्या कप्प्यात लोंबत असेल तर इंजिन उकळत असूनही तिला त्याचा पत्ता लागत नाही आणि ती उशिरा उघडते. तापमानाचा सेन्सर हवेत असेल तर काटा गार दाखवतो किंवा वरखाली उड्या मारतो. चालक काट्यावर विश्वास ठेवून घाटाला लागतो. पंपाच्या पात्यांत हवा आली तर पंप नुसता फिरतो, पाणी ढकलत नाही.

ज्या गाड्यांत इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे असतो, तिथे हा त्रास अधिक. मारुती ओम्नी हे ठळक उदाहरण : लांब नळ्या, त्यांचे चढउतार आणि प्रत्येक उंचवट्यावर हवेला बसायला जागा. भिवंडीच्या गोदामांतून ठाणे-मुंबईत माल पोचवणाऱ्या छोट्या टेंपोंमध्येही इंजिन केबिनच्या खाली असतं, म्हणून तिथेही आधी पाण्याच्या वाटेतली सर्वांत उंच जागा कुठे आहे, ते शोधावं लागतं.

हवा काढण्याची रीत सगळी एका गोष्टीवर उभी आहे : भरण्याचं तोंड सर्वांत उंच करायचं. गाडीचं नाक चढावर किंवा रॅम्पवर वर उचलून उभं करावं. हीटर असेल तर त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे हीटरची वाटही खुली राहते. कूलंट बारीक धारेनं, थांबत थांबत ओतावं. घाईनं ओतलं की धारेबरोबर हवा आत जाते. हाउसिंगवर किंवा होजवर हवेचा स्क्रू असेल तर तो सैल करून ओतत राहावं. आधी फुसफुस येते, मग फेस, मग एकसंध धार. बुडबुड्यांशिवाय धार आली की स्क्रू आवळायचा. वरचा होज हातानं दाबून सोडत राहिलं तर अडलेले बुडबुडे सुटून वर येतात.

मग कॅप न लावता इंजिन सुरू करायचं आणि पातळीवर नजर ठेवायची. सुरुवातीला रेडिएटरमधलं पाणी स्थिर असतं, कारण झडप बंद असते. काटा मधे येतो, झडप उघडते, आणि त्या क्षणी पातळी झपकन खाली जाते. हा क्षण चुकवू नये. वरचा होज एकदम गरम होतो. झडप जिवंत असल्याचा हा पुरावा. लगेच कूलंट ओतून पातळी भरावी, इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर काही मिनिटं चालवावं, बुडबुडे थांबेपर्यंत भर घालत राहावी, आणि पाणी फुगून बाहेर येऊ लागण्याआधी कॅप लावावी. हीटरमधून आता कडक गरम वारा यायला हवा. तो कोमट असेल तर हवा अजून आत आहे. कॅप वेगळ्या टाकीवर असलेल्या गाड्यांत कंपनीनं सांगितलेला क्रम वेगळा असू शकतो, तो पाळावा. काही मोठ्या वर्कशॉपमध्ये याहून पक्की रीत वापरतात. पंपानं आधी रिकाम्या यंत्रणेतली हवा खेचून घेतात, काही मिनिटं निर्वात दाब टिकतो का पाहतात, म्हणजे गळतीही कळते, आणि मग त्याच निर्वातात कूलंट शोषलं जातं. ज्यांच्याकडे दहा-वीस गाड्या आहेत अशा भिवंडीतल्या मालकांनी हे अवजार घेऊन ठेवण्यासारखं आहे.

भारत स्टेज-६ची मानकं १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. तेव्हापासून झडप काढण्याची जुनी सवय आणखी महाग पडू लागली आहे. नव्या इंजिनाचा संगणक पाण्याचं तापमान सतत वाचत असतो. ते ठरलेल्या वेळात अपेक्षित पातळीला पोचलं नाही तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्कॅनर लावला तर ‘पी ०१२८’ हा कोड दिसतो आणि त्याचा अर्थच ‘पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानाखाली’ असा आहे. थंड इंजिनाला संगणक वेगळ्या हिशोबानं डिझेल देतो. धुराच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून टाकण्याची क्रियाही पुरेसं तापमान नसेल तर पुढे ढकलली जाते. फिल्टर तुंबला की गाडीची ताकद कमी होते आणि तो फिल्टर थर्मोस्टॅटच्या कित्येक पट किमतीचा असतो. काही नव्या गाड्यांत मेणाच्या डबीत छोटा विजेचा हीटरही असतो. चढ आला की संगणक तो तापवून झडप मुद्दाम लवकर उघडतो.

गाड्यांबरोबर रस्ताही बदलला आहे. ५ जून २०२५ रोजी मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणं टळली. पण उंची टळलेली नाही. सहाशे मीटर चढायचेच आहेत, फक्त सलग आणि अधिक वेगानं. घाटात गाडी हळू असताना चालकाचं लक्ष काट्याकडे जायचं. सरळ रुंद रस्त्यावर ते जात नाही, आणि अर्धवट हवा भरलेली यंत्रणा अशा दीर्घ चढावर थोडी थोडी करत पाणी बाहेर फेकते.

म्हणून काम झाल्यावर गाडी लगेच लांबच्या फेरीला पाठवू नये. भिवंडीजवळच्या वडप्यापर्यंत रिकामी नेऊन आणावी, रात्रभर निवू द्यावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पातळी पाहावी. निवताना आकसलेलं पाणी टाकीतून कूलंट ओढतं आणि उरलीसुरली हवा मागे टाकतं. पातळी थोडी उतरलेली असेल तर ते चांगलं लक्षण आहे. तेवढी भर घालावी आणि पुढचे दोन-तीन दिवस हेच करावं. पातळी एका जागी ठरली की हवा निघाली.

ती ठरलीच नाही, रोज उतरत राहिली आणि बाहेर कुठे गळतीही दिसत नसेल, तर हवा काढत बसण्यात अर्थ नाही. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे अखंड येत असतील, तर ते हवेचे नसून सिलिंडरमधल्या जळक्या वायूचे असण्याची शक्यता मोठी. त्याची खात्री करणारी नळी स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते. तिच्यात निळं द्रावण असतं. रेडिएटरच्या तोंडावर ती धरून आतली वाफ त्या द्रावणातून खेचायची. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येत असेल तर निळा रंग बदलतो. तो निळाच राहिला तर पंपाचं सील, हीटरचे जोड आणि कॅप तपासावी. बदलला तर हेड उतरवावं लागतं, सरळ पट्टी ठेवून त्याचा वाक मोजावा लागतो, आणि नवं गॅस्केट घालण्याआधी ते घासून सपाट करून घ्यावं लागतं.